जहूरभाईंचा हात

१६ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा ब्रश परत केला. जहूरभाई म्हणाले, "रंभाबाय, हे नाक तूच घे गो, साधं आहे." मी म्हटलं, आभाळ देते, झाडं देते, मागची भिंत देते, कपड्यांच्या चुण्या देते — चेहरा तुमचा. त्यांनी वाद घातला नाही. "बरं" म्हणाले आणि नाक काढलं. दोन मिनिटांत. चांगलं नाक!

हे माझ्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. सावंतवाडीला आमच्या घरी गंजिफाचे, म्हणजे जुन्या खेळातले गोल पत्ते रंगवले जायचे. आई, काकू आणि मी रंग भरायचो. शेवटची काळी रेघ आणि देवांचे डोळे मात्र बाबांचे. असा नियम कुणी सांगितलेला नव्हता. आई डोळ्यांची जागा रिकामी ठेवायची आणि पत्ता बाबांकडे सरकवायची, म्हणून मीही सरकवायचे. आता दुबईत रास अल खोरच्या गोदामात बसून, एवढी मोठी बाई होऊन, अजून सरकवतेच आहे.

ही वही खरं तर पर्णिकाची. शाळेत रोज एक आभाराची गोष्ट लिहायला सांगितलीय. तिनं दोन दिवस लिहिलं आणि "ममा, इट्स सो क्रिंज" म्हणून टाकून दिली. कागद इतका छान जाड की माझ्याने टाकवेना.

आजचे आभार — जहूरभाईंचे. नाकाबद्दल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोठं काम आलं. वासिफसाहेब, म्हणजे आमचे मालक, अबुधाबीहून थेट गोदामातच आले, बूट वाळूने भरलेले. तिथल्या एका नव्या हॉटेलच्या रेस्टॉरंटसाठी सहा मोठी चित्रं. "मास्टरजी, प्रिंट नहीं चलेगा. हाथ का काम माँगा है. यल्ला, मई में ओपनिंग है." मास्टरजी म्हणजे जहूरभाई. आमच्याकडे एकच मास्टर असतो. बाकी आम्ही सगळे हेल्पर, व्हिसावरसुद्धा तेच छापलेलं.

आम्ही करतो काय, तर हॉटेलांच्या आणि व्हिलांच्या भिंतींसाठी जुन्या धाटणीची चित्रं. डच पाहिजे, डच. मुघल पाहिजे, मुघल. जहूरभाई रत्नागिरीत दुकानांच्या पाट्या रंगवत मोठे झाले आणि इथे येऊन अख्खा युरोप शिकले.

या वेळी मात्र मागणी वेगळीच. हॉटेलवाल्यांना एका जर्मन चित्रकाराच्या धाटणीचं पाहिजे, आणि तो चित्रकार स्वतःच दुसऱ्यांच्या धाटणीचं काढायचा! डीट्रिख त्याचं नाव. अठराव्या शतकातला, ड्रेस्डेनच्या दरबारातला. कुणाला रेम्ब्रांटसारखं हवं, हा देणार. डच खेडूत हवेत, देणार. बागेत बसलेली नटवी फ्रेंच मंडळी हवीत, तीही देणार. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापेही काढायचा. काही चित्रांवर सही करताना नावाचं "डीट्रिसी" करायचा. जरा फॅशनेबल वाटावं म्हणून असणार. आमचे इथले लोक नाही का करत.

वासिफसाहेबांच्या फाइलमध्ये त्याची माहिती होती, ती मी जहूरभाईंना वाचून दाखवली. शेवटी लिहिलं होतं की याला स्वतःची शैली नव्हती. जहूरभाई खो खो हसले. "म्हंजे आपलाच मानूस." मग थोड्या वेळाने, ब्रश धुताना म्हणाले, "याच्या हातात सगळ्यांचे हात होते, आनि लिवनारा म्हनतो याला हातच नाय."

फाइलमधला एक छापा मोठा करून त्यांनी कपाटाला चिकटवलाय. पागोटं घातलेला दाढीवाला म्हातारा. एका डोळ्यावर सावली, दुसरा थेट आपल्याकडे बघतो. मला दिवसभर अवघडल्यासारखं झालं.

२५ सप्टेंबर, बुधवार

जहूरभाईंची शिकवणी. दुसऱ्याचा हात आपल्या हातात आणायचा तर त्याच्या चांगल्या रेघा बघत बसू नये म्हणे. त्याची खोड शोधायची. कुठे घाई करतो, कुठे कंटाळतो, कुठे उगाच दोनदा गिरवतो. खोड सापडली की बाकीचं आपोआप येतं.

ही त्यांची सवय आता रस्त्यावरही सुटत नाही! शेजारच्या टायरच्या यार्डात पेशावरचा एक म्हातारा वॉचमन आहे. त्याचे हात कापतात. चहाच्या वेळी जहूरभाई त्याच्याकडे टक लावून बघत बसले. "बघ, आधी अंगठा हलतो, मग मनगट. चमचा सगळ्यात शेवटी." मी म्हटलं, शोभतं का, कुणाच्या दुखण्याकडे असं बघणं? तर म्हणतात, "दुखनं नाय गो बघत. चाल बघतो."

नंतर स्वतःच उठून गेले आणि त्याला गरम समोसा देऊन आले. रागवावं तर हे असं.

७ ऑक्टोबर, सोमवार

हात थरथरतो आहे. जहूरभाईंचा.

पहिल्या कॅनव्हासवर पागोटेवाला म्हातारा बेतला होता. माझी मागची भिंत झाली, पागोट्याच्या घड्या झाल्या, मी बाजूला झाले. त्यांनी ब्रश गालावर टेकवला आणि तो सरळ दाढीपर्यंत घसरला. त्यांनी पुसलं. पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. मला वाटलं ब्रशच खराब आहे, दुसरा दिला. मग त्यांचा हात बघितला.

पाणी दिलं. खुर्ची दिली. बऱ्याच दिवसांपासून होतंय म्हणाले. डॉक्टरकडे जाऊन आले, वयाचं आहे, गोळ्या दिल्यात. "घरी बोलू नको हां. शहनाझ घाबरेल. आनि सफाची शेवटची परीक्षा मेमध्ये."

मी लगेच हिशोब लावला. शहनाझभाभी आणि मुलगी सफा, दोघी त्यांच्याच व्हिसावर. हात गेलेल्या मास्टरला कोण ठेवेल? नोकरी गेली की सगळ्यांनी बोऱ्याबिस्तर आवरायचा, पोरीची डिग्री तोंडाशी आलेली असताना.

या माणसाने मला इथे कामाला लावलं. मी नवीन आले तेव्हा नवऱ्याची, संग्रामची साइट अबुधाबीला, मी आणि लहानगी पर्णिका अल मनखूलच्या एका खोलीत, भिंतीकडे बघत. शहनाझभाभी भाजीच्या दुकानात भेटल्या, मी मराठीत बडबडले, त्या मराठीत हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या हातात ब्रश होता.

आता मी काय करायचं ते स्पष्टच आहे. फक्त जमेल का, ते स्पष्ट नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नाक काढलं.

पुसलं. काढलं. पुसलं. काढलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

जहूरभाई शेजारी स्टुलावर बसून बोलतात, मी काढते. त्यांचं नाकाखालची सावली टाकण्याचं एक तंत्र आहे, कोरड्या ब्रशने दोनदा घासतात. तेसुद्धा उचलावं लागतं, नाहीतर वासिफसाहेब ओळखतील. म्हणजे बघा — मी जहूरभाईंची नक्कल करते, ते डीट्रिखची करणार होते, आणि डीट्रिखने ती रेम्ब्रांटची केलेली! शाळेत एकाची वही चार जण उतरवायचे, तशी गत.

आज वासिफसाहेब न सांगता टपकले. गाडीचा आवाज आला आणि जहूरभाईंनी माझ्या हातातला ब्रश असा काही हिसकावला की माझ्या ओढणीवर तपकिरी पट्टा. कॅनव्हाससमोर उभे राहिले, एक डोळा मिटून, मान तिरकी. हात पाठीमागे. "गीला है साब, अभी हाथ मत लगाइए." साहेब म्हणाले, "माशाल्ला मास्टरजी, क्या गाल बनाया है."

माझा गाल! मला मेलीला हसताही येईना आणि गप्पही बसवेना. मी टर्पेंटाइन आणायला म्हणून बाहेर गेले आणि टायरांच्या मागे उभी राहून हसून घेतलं.

आजचे आभार — टायरवाल्यांचे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. संग्राम दुपारीच आला. फराळातलं शंकरपाळं सोडून सगळं विकतचं. तरी दारात रांगोळी काढली, आणि पहिल्यांदाच मोराला डोळा आधी काढला. पर्णिका म्हणाली, "व्हाय इज इट स्टेअरिंग ॲट मी?"

सगळे एका खोलीत, पोट भरलेलं. आणखी काय मागू.

२४ नोव्हेंबर, रविवार

शारजाला जहूरभाईंकडे जेवायला. शहनाझभाभींनी तारलीचे मासे केले होते, तिरफळ घालून, माझ्यासाठी मुद्दाम. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने नाही.

पर्णिका ताटाकडे बघून तोंड वाकडं करून बसली. "आय कान्ट ईट दिस. इट हॅज लाइक अ मिलियन बोन्स." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोकणातली पोर, आणि तारलीला घाबरते! जहूरभाईंनी तिचं ताट स्वतःकडे ओढलं. एका हाताने, नुसत्या बोटांनी, मधला काटा शेपटीपासून अलगद उचलला, मग कडेचे केसासारखे बारीक काटे एकेक वेचून ताटाच्या काठावर लावत गेले. बोलत होते सफाशी, बघतही नव्हते. पर्णिकाने चार तारल्या खाल्ल्या. एकही काटा लागला नाही.

मी बघत होते. हात अजिबात हलत नव्हता.

परतताना गाडीत संग्रामला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, जन्मभर मासे खाल्लेला हात तो. जेवताना कुणाचा चुकतो का? माझे आजोबा काठीशिवाय चालत नसत, पण कोयती घेऊन माडावर चढायला निघायचे." पटलं. खाण्याचा हात वेगळा, कामाचा वेगळा. बरंच झालं. निदान जेवणाचं सुख तरी त्यांचं शाबूत आहे.

शहनाझभाभींना काही पत्ता नाही. मीही चेहरा साधा ठेवला. चेहरे जमायला लागलेत म्हणायचे!

११ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

पागोटेवाल्या म्हाताऱ्याचं सगळं झालं होतं. कपाळ, गाल, दाढी, ओठ. डोळ्यांच्या जागी नुसते दोन फिकट डाग. मी आठवडाभर बाकीच्या चित्रांची आभाळं करत होते, वेळ काढत होते. आज त्यांनी विचारलं, "म्हातारा आंधळाच ठेवायचा काय गो?"

मी ईझल उचललं — आणि काय केलं, तर त्यांच्याकडे वळवलं. कळलंच नाही मला. आई पत्ता सरकवायची, अगदी तसंच. कॅनव्हास त्यांच्या तोंडासमोर, ब्रश त्यांच्याकडे पुढे केलेला.

त्यांनी हात वर केला. मला दिसेल असा, उजेडात. थरथरत होता. "आता कुनाकडे सरकवतेस?"

मला रडू आलं. त्यांच्या हातासाठी आलं की माझ्यासाठी, कोण जाणे. मग ईझल परत वळवलं. आधी सावलीतला डोळा काढला, तो सोपा. मग दुसरा. शेवटचा पांढरा ठिपका ठेवताना मी श्वास धरला होता. ठेवला, मागे सरकले, आणि तो मेला म्हातारा माझ्याकडे बघायला लागला! तसाच, कपाटावरच्यासारखा.

जहूरभाई स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "च्या पिऊ."

बाबा असते तर काय म्हणाले असते? बहुतेक काहीच नाही. पुढचा पत्ता दे, म्हणाले असते.

आजचे आभार कुणाचे मानू? आईचे मानते. रिकामी जागा नीट ठेवायला तिनेच शिकवलं.

१५ जानेवारी, बुधवार

तिसरं चित्र सुरू. गावोगाव हिंडणारे वाजंत्री. पाच चेहरे, पाचही माझे. व्हायोलिनवाल्याला नकळत संग्रामचं नाक आलंय. राहू दे.

६ मार्च, गुरुवार

रोजे चालू आहेत. जहूरभाईंचा हात आता जास्तच कापतो, ब्रशही धरवत नाही. दुपारनंतर त्यांच्याने बोलवतही नाही, नुसते बोट दाखवतात. मी एकटी.

आज लिहूनच टाकते. कधीकधी राग येतो. मास्टर ते, मान त्यांचा, माझी मात्र मानच अवघडलेली. साहेब येऊन "मास्टरजी का जवाब नहीं" म्हणतात तेव्हा जहूरभाई खाली बघून हसतात. ते कसलं हसू, मला कळत नाही. लाजेचं असावं. मग माझीच मला लाज वाटते. त्या माणसाचा हात चाललाय, आणि मी मानेचं रडगाणं गाते.

इफ्तारला त्यांनी पहिला खजूर मला दिला. माझा कुठे उपास होता? तरी मला दिला.

१४ एप्रिल, सोमवार

संकट!

हॉटेलवाल्यांनी नवीन काढलंय. ओपनिंगला पाहुण्यांसमोर मास्टरजींनी प्रत्यक्ष चित्र काढून दाखवायचं. वासिफसाहेब भलतेच खूश. "लाइव्ह, मास्टरजी! सब के सामने!" तारीख २२ मे.

साहेब गेले. आता काय? आजारी पडा म्हटलं. गावी कुणी वारलं म्हणून सांगू म्हटलं. हात भाजला म्हणून पट्टी बांधू म्हटलं — ही कल्पना मला बरी वाटली होती. जहूरभाई शांत. चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "बघू गो. इन्शाल्ला." इतके शांत, की मला वाटलं त्यांनी हार मानली.

सफाचा शेवटचा पेपर १९ मेला. निदान तोवर तरी निभावलं पाहिजे. एवढंच मागते.

२३ मे, शुक्रवार

काल हात इतका आखडला होता की लिहिता आलं नाही. आज लिहिते.

अबुधाबी. सहाही चित्रं भिंतीवर, पिवळ्या दिव्यांत. मी तिथे हेल्पर म्हणून, रंगांची पेटी घेऊन; संग्राम आणि पर्णिका मागे पाहुण्यांत. मधोमध ईझल, त्यावर पागोटेवाल्या म्हाताऱ्याची छोटी आवृत्ती, मी आधीच करून ठेवलेली. ठरलं असं, की जहूरभाईंनी दाढीला दोन-चार ब्रश लावायचे, दाढीत थरथर खपून जाईल. डोळेही मी आधीच काढून ठेवले होते.

पण पेटी उघडून ईझलकडे बघते, तर म्हाताऱ्याचे डोळे पुसलेले! टर्पेंटाइनने, स्वच्छ. मी जहूरभाईंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

पुढे झाले. ब्रश उचलला. सगळ्यांच्या समोर हात असा थरथरायला लागला की समोरच्या बाईंनी तोंडावर हात धरला. वासिफसाहेब पांढरेफटक. मला वाटलं, सगळं संपलं. खलास.

मग जहूरभाई वळले आणि मोठ्याने, अगदी पाट्या रंगवणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "साहब, मेरा हाथ गया. ये छे के छे इन्होंने बनाए हैं." आणि ब्रश माझ्यापुढे धरला. मला हळूच म्हणाले, "रंभाबाय. डोळे राह्यलेत."

मी नाही म्हणू शकले असते. सवयच ती माझी. पण त्यांचा तो हात हवेत तसाच, कापत, सगळ्यांसमोर — तो खाली घ्यायला लावायचा तर एकच मार्ग होता. मी ब्रश घेतला. कोण बघतंय, काय बोलतंय, मला काही आठवत नाही. सावलीतला डोळा, मग दुसरा. शेवटचा ठिपका.

टाळ्या वाजल्या म्हणे. संग्राम सांगतो. पर्णिका पुढे येऊन चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ममा, दॅट्स यू? लाइक, ऑल ऑफ देम?" आणि मग, मराठीत, "मला का नाही सांगितलंस?"

सफाचा पेपर सोमवारीच झालाय. म्हणजे ते तेवढ्यासाठीच थांबले होते. माझं नाव लपून राहू नये म्हणून भरल्या सभेत स्वतःचा हात दाखवला त्यांनी. कुठे फेडू हे.

२६ मे, सोमवार

वासिफसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मी पाय घट्ट रोवून उभी. म्हटलं ओरडतील, फसवलंत म्हणतील. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "रंभाजी, मास्टरजी ने तो पिछली गर्मियों में ही बोल दिया था, सफा का कॉलेज हो जाए तो घर जाऊँगा. मैं तो सोच के बैठा था, उनके बाद ये हाथ का काम बंद. सब प्रिंट." मग टेबलावर बोटांनी ताल धरत, "अब नहीं करूँगा बंद. अगला ऑर्डर आप देखिए. मास्टर आप."

गेल्या उन्हाळ्यातच! म्हणजे ऑर्डर येण्याआधीच बिचाऱ्यांना हाताचं कळलं होतं. आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत.

बाहेर येऊन त्यांना सांगितलं. "मास्टर" म्हणताना माझी जीभ अडखळली. ते म्हणाले, "व्हिसाच्या नव्या कार्डावर फोटो बरा काढ. तुझा नेहमी घाबरल्यावानी येतो."

आजचे आभार लिहायला पान पुरणार नाही.

८ जून, रविवार

गेले. ईद इथेच घरच्या सगळ्यांनी मिळून केली आणि आज जहूरभाईंचं विमान. आम्ही तिघे पोचवायला गेलो. शहनाझभाभी माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या. तिरफळाची बरणी माझ्याकडे ठेवून गेल्या. सफा पावसाळ्यानंतर परत येणार, नोकरीच्या मुलाखतींसाठी.

जहूरभाईंनी मला पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा तो छापा दिला, कपाटावरचा, गुंडाळून. म्हणाले, "ह्या डीट्रिखला संभाळ. लोक बोलतात त्याला कायबी." मग जरा थांबून, "रंभाबाय, तुजे आभार. माजी लाज राखलीस."

मी म्हटलं, "आभार कसले मानताय, जहूरभाई! एवढं तर मी करायलाच पाहिजे होतं."

ते हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला, शहनाझभाभींनी पाठीवर थापटलं. आत जाईपर्यंत हसतच होते. दुःखात माणसं अशी हसतात कधीकधी.

२ ऑगस्ट, शनिवार

सफाने व्हिडिओ पाठवला. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जहूरभाईंच्या भावाची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलीय, हंगामाआधीचं रंगकाम चाललंय. जहूरभाई शिडीवर उभे. एका हातात डबा, दुसऱ्यात बारीक ब्रश. बोटीच्या अंगावर पांढरी रेघ ओढतायत. एका दमात, जिथवर हात पोचतो तिथवर. दोरीने आखल्यासारखी सरळ.

मी घाईघाईने लिहिलं, "हात थरथरायचा थांबला? कोणते डॉक्टर गं?"

सफाचं उत्तर आलं. "कुणाचा हात, आंटी? आब्बांचा? व्हेन?"

व्हिडिओ पुन्हा बघितला. तारलीचे काटे आठवले. टायरच्या यार्डातला म्हातारा आठवला. आधी अंगठा, मग मनगट. जहूरभाईंचाही तसाच, त्याच क्रमाने.

आणि विमानतळावर मी त्यांना म्हणाले होते, आभार कसले मानताय.